पिल्लांच्या घासासाठी आडेली पेंग्विनची धावपळ

अंटार्क्टिकातील आडेली पेंग्विनविषयी वाचताना मनाला सर्वांत जास्त भिडतो तो त्यांच्या अन्नाचा काटेकोर हिशेब. पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर सुमारे तीन आठवडे आईबापांपैकी एक जण घरट्यापाशी थांबतो आणि दुसरा समुद्रातून क्रिल (कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव) व लहान मासे पोटात भरून आणतो. पिल्लू आपली चोच थेट त्याच्या तोंडात खुपसते आणि अर्धवट पचलेला गुलाबीसर लगदा ओरपते. त्याची भूक मात्र इतक्या झपाट्याने वाढते की पुढे एकट्याच्या फेऱ्या पुरत नाहीत. मग दोघेही समुद्राकडे निघतात आणि मागे राहिलेली पिल्ले एकमेकांना बिलगून घोळक्याने राहतात.

पोहण्याबुडण्याची ऊर्जा, स्वतःच्या शरीराची ऊब आणि पिल्लांचा घास हे सारे एकाच शिकारीतून भागवायचे असल्यामुळे घरटे आणि खुले पाणी यांतील अंतर निर्णायक ठरते. द्युमाँ द्युर्व्हिल या फ्रेंच संशोधन केंद्राजवळच्या वसाहतीत २०१३-१४ च्या हंगामात एकही पिल्लू जगले नाही, आणि २०१६-१७ मध्ये सुमारे १८,००० जोड्यांची मिळून केवळ दोन पिल्ले वाचली. समुद्री बर्फ नेहमीपेक्षा दूरवर पसरल्याने पालकांना अन्नासाठी फार लांब जावे लागले होते. हे वाचून मी सुन्न झालो. अशा समुद्रातील क्रिलच्या मासेमारीवर पिल्ले वाढण्याच्या काळात तरी कडक मर्यादा असायलाच हवी, असे मला ठामपणे वाटते.