पिस्तुलं आणलीस काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी स्वतःहून काढत नाही, बायको लगेच उठून आत जाते. गोव्यात, फोंड्यात परत येऊन सहा वर्षं झाली तरी लग्नात, चवथीत, अगदी सलूनमध्ये गळ्याला टॉवेल गुंडाळलेला असताना सुद्धा कोणीतरी विचारतंच, अमेरिकेत तुझ्याकडे पिस्तुलं होती म्हणे, मग आणली का नाहीस, आणि एवढे डॉलर कमावून सैन्याने टाकलेली जुनीच का घेतलीस?

आणली नाहीत कारण नियम. आपल्याकडे ९ मिमी म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, साध्या माणसाला मनाई असलेलं माप, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच हत्यारं ठेवता येतात. आमच्या शेजारच्या काकांची रानडुकरांसाठीची काडतुसाची बंदूकसुद्धा दर इलेक्शनला पोलीस स्टेशनात जाऊन बसते, तिथे माझी पाच घेऊन मी कुठे फिरू. येताना क्लबातल्या मित्राला विकून टाकली.

आता जुनीच का. ओहायोत ग्रीनकार्ड आल्यावर मी क्युरिओ अँड रेलिकचं, म्हणजे जुनी हत्यारं जमवणाऱ्यांचं लायसन्स काढलं, तीन वर्षांचे ३० डॉलर, हत्यार पन्नास वर्षांपेक्षा जुनं असेल तर पार्सल थेट घरी. पहिलं आलं ते रशियन १८९५ मॉडेलचं रिव्हॉल्व्हर, नागान. शंभर डॉलरच्या आत! कागद सोडला तर आत काकवीत बुडवल्यासारखा एक गोळा. गोदामात गंजू नये म्हणून तसं घट्ट ग्रीस फासून ठेवतात, ते काढायला जुना टूथब्रश, मिनरल स्पिरिट आणि माझा अख्खा शनिवार गेला, आणि संध्याकाळी त्या चिकट्याखालून आधी एक चांदणी दिसली, तिच्यात बाण, म्हणजे रशियातल्या ‘तुला’ नावाच्या शहरातला कारखाना, मग खाली १९३९. खरं सांगू, गोळी मारण्यापेक्षा मला तो क्षण जास्त आवडायचा.

आणि डोकं किती चालवलंय बघा त्याच्यात. घोडा मागे ओढला की सात काडतुसांचं अख्खं चक्र पुढे सरकून नळीला चिकटतं. गोळी काडतुसाच्या आत पूर्ण बुडालेली असते, त्यामुळे काडतुसाचं तोंडच नळीत शिरून फट बंद करतं, गॅस बाहेर जात नाही. म्हणूनच बाकी रिव्हॉल्व्हरांना सायलेन्सर लावून फारसा उपयोग नसतो, ह्याला होतो. पण घोडा न चढवता नुसता चाप ओढून उडवायचं म्हणजे शिक्षा, दोन बोटं लावावीत असं वाटतं, आणि रिकामी काडतुसं एकेक करून दांडीने ढकलून काढायची. रेंजवर शेजारचा पोरगा तेवढ्यात तीन मॅगझिन संपवायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा.

जुन्या मिलिटरी गोळ्यांची एक भानगड असते. काडतुसाच्या बुडाला जी पेट घेणारी टोपी असते, तिच्यातल्या रसायनाचं मीठ मागे नळीत राहतं, आणि पावसात मिठाच्या बरणीला जसं पाणी सुटतं तसं ते ओल ओढून गंज धरतं. नुसत्या तेलाने ते जात नाही, मीठ विरघळतं पाण्यात. आधी गरम पाणी, मग कोरडं करायचं आणि मग तेल. ओहायोत एक रात्र आळस केला तर नळीत तांबूस दिसायला लागलं होतं, इथे आपल्या आषाढात काय झालं असतं ते सांगायलाच नको.

एकदा गन शोमध्ये काचेखाली एक ल्यूगर पिस्तूल दिसलं, पोर्तुगीज सैन्यासाठी जर्मनीत बनवलेलं, वर मुकुट आणि खाली एम दोन, म्हणजे राजा मान्युएल दुसरा. बिचारा १९०८ ला गादीवर बसला आणि १९१० ला गादी गेली, पिस्तूल त्याच्याहून टिकलं. आजोबांच्या ट्रंकेत पोर्तुगीज शिक्क्यांचे कागद बघत मी वाढलो, त्यामुळे मी तिथे बराच वेळ उभा. किंमत विचारली आणि गुपचूप कॉफी प्यायला गेलो.

नागानचं होल्स्टर, म्हणजे कमरेला अडकवायचं म्यान, तेवढं बॅगेत टाकून आणलं. पहिल्याच पावसाळ्यात त्याला पांढरी बुरशी आली, मी उन्हात घालून पुसून पुसून ठेवलं, आणि आता ते मागच्या दारी खिळ्याला असतं, बायको त्यात जास्वंद छाटायची कातर ठेवते. बरोब्बर बसते.