बेड्यापासून पडवीपर्यंत

आमचं घर लांजा तालुक्यात. गेटला आमच्याकडे अजून बेडंच म्हणतात. तर बेड्यापासून पडवीपर्यंत साधारण सत्तर फुटांची वाट आहे: एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या बाजूला अळू आणि केळी, आणि मध्यावर फणसाशी एक वळण. गाडी पडवीपर्यंत येते, पण आई-बाबांचं येणं-जाणं पायीच. मी पुण्याहून महिन्या-दीड महिन्याने जाते. या सत्तर फुटांवर कसला दिवा लावायचा हे ठरवण्यात माझी जवळजवळ दोन वर्षं गेली. आपल्या गावच्या घरी असंच काही करायचं असेल त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवते.

सुरुवात गेल्याच्या आदल्या आषाढात झाली. बाबा देवळातलं भजन आटपून नऊच्या सुमारास परत आले. बेड्याशी तेव्हा ट्यूब होती, रात्रभर जळणारी. आई पडवीत उभी होती. ती ओरडली, "अहो, थांबा तिथेच!" बाबांच्या पावलापासून हातभर अंतरावर, चिऱ्याच्या पायरीवर फुरसं वेटोळं करून बसलं होतं. लहानसं, फूटभराचं. मातीच्या आणि चिऱ्याच्या रंगात इतकं मिसळलेलं की ट्यूब डोक्यावर असून बाबांना ते दिसलं नाही.

वाडीतले एक काका साप पकडतात. त्यांनी ते बरणीत घेतलं आणि जाताना ट्यूबकडे बोट केलं. "हिच्याखाली बघ काय जमलंय." खाली पाखरं आणि भुंग्यांचा खच होता, आणि त्यावर पाच-सहा भेक बसले होते. फुरसं बेडूक खातं, पाली खातं, विंचूसुद्धा खातं. आम्ही उजेड लावून किड्यांना बोलावलं, किड्यांनी बेडकांना बोलावलं, आणि बेडकांमागून फुरसं आलं. शिवाय ट्यूब आहे म्हणून बाबांनी बॅटरी न्यायचं सोडलं होतं, ते वेगळंच. त्या रात्री मला पटलं की माणूस वाटेवर असेल तेवढाच वेळ उजेड हवा. बाकी रात्र वाट काळोखातच राहू दे.

मी आधी सोपी वाट धरली. होल्डरमध्ये बसणारा सेन्सरवाला बल्ब आणला आणि पडवीत लावला. तो रात्रभर पेटायचा. आत रडारसारखा मायक्रोवेव्ह सेन्सर होता, आणि त्याला कुठलीही हालचाल दिसते: वाऱ्याने डोलणारं केळीचं पान, पागोळ्यांचं पाणी, अगदी दाराच्या फळीपलीकडून माजघरात जाणारी आईसुद्धा. शहरात इमारतीच्या जिन्यात तो उत्तम चालेल. कोकणातल्या पावसाळ्यात, झाडांच्या समोर, अजिबात नाही.

मग सौरदिवा. दिवाळीत फणसाच्या बुंध्याला लावला. सावलीत असूनही उन्हाळाभर बरा चालला, आणि पुढच्या जूनमध्ये ढगांनी आभाळ भरल्यावर आठवडाभरात मंद होत होत बंद पडला. नेमक्या ज्या महिन्यांसाठी तो हवा होता, त्याच महिन्यांत. आता तो बेड्याच्या खांबावर उघड्या आभाळाखाली आहे. लाइन गेली की तेवढाच आधार, म्हणून ठेवलाय.

तिसरा प्रयोग पन्नास वॅटच्या फ्लडलाइटचा. तो पडवीवरून थेट बेड्याकडे रोखलेला होता. बाबा आत आले की झगझगीत उजेड तोंडावर, आणि ते कपाळावर आडवा हात धरून चालायचे. "अगो, हा माझं तोंड बघायला लावलायस की वाट?" त्यांनी विचारलं. बरोबरच होतं. समोरून येणाऱ्या झोतात डोळे दिपतात आणि पायाखालचं काहीच दिसत नाही.

तेव्हा लांज्याच्या वायरमन दादांना घेऊन बसले. आधीच दिवा आणि सेन्सर वेगवेगळे घ्यायचं ठरलं, हे सर्वांत महत्त्वाचं. सेन्सर पीआयआर जातीचा, म्हणजे अंगातून निघणारी उष्णता, अवरक्त किरण टिपणारा. तो स्वतः काही सोडत नाही. त्याच्या पांढऱ्या भिंगात पट्टे असतात, आणि ऊबदार अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की त्याला कळतं. म्हणून त्याच्यासमोरून आडवं गेलेलं माणूस तो चटकन पकडतो. सरळ त्याच्याकडे चालत येणारं माणूस मात्र अगदी जवळ येईपर्यंत त्याला उमगत नाही. आम्ही पहिल्यांदा पडवीवर बेड्याकडे तोंड करून लावला तेव्हा बाबा फणसापर्यंत अंधारात चालत यायचे. मग एक सेन्सर बेड्याच्या आतल्या खांबावर, आठ फूट उंचीवर, वाटेला आडवा रोखून लावला. बेडं ढकललं की लगेच पेटतो. दुसरा पडवीच्या कोपऱ्यात, घरातून बाहेर पडणाऱ्यासाठी. दोन्हींच्या दिव्याकडे जाणाऱ्या वायरी एकत्र जोडल्या (दोन्ही एकाच फेजवर हवेत), त्यामुळे कुठलाही एक जागा झाला की सगळी वाट उजळते.

सेन्सरच्या खोक्यावर लिहिलेलं असतं: अंतर १२ मीटर. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत तापमान असतं, २४ अंशांच्या खाली. वैशाखात आमच्याकडे रात्रीसुद्धा हवा त्याच्या वर असते. हवा आणि अंग यांच्या तापमानात फरक कमी उरला की सेन्सरची नजर आखूड होते. १२ मीटर लिहिलं असेल तर सहा-सात धरून चाला.

आणि सापाचं रक्त थंड. त्याचं अंग जमिनीइतकंच गार किंवा गरम असतं, त्यामुळे साप आला म्हणून हा दिवा पेटत नाही. आईला हे दोनदा सांगावं लागलं, कारण वाटेवर अंधार आहे म्हणजे साप नाही असं तिच्या मनाने धरलं होतं. दिवा आपल्याला पाहून पेटतो. पाहायचं काम आपलंच.

दिवे तीन घेतले, पाच-पाच वॅटचे, पिवळसर, तीन हजार केल्विनचे. पांढऱ्या-निळसर उजेडापेक्षा याच्यावर किडे कमी येतात. ते गडग्याच्या कडेने जमिनीपासून दोन फुटांवर, वर टोपी असलेले, खाली तोंड केलेले. उजेड आडवा पडतो, त्यामुळे खड्यालासुद्धा सावली येते आणि फांदी, दोरी, साप जमिनीपासून उठून दिसतात. डोक्यावरच्या ट्यूबखाली हे कधीच होत नव्हतं. ओल्या जमिनीशी २३० व्होल्ट नको म्हणून दादांनी बारा व्होल्टचा अडॅप्टर पडवीत ठेवला, बोर्डात ईएलसीबी (वीज जमिनीत गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) बसवला आणि सगळं इन्व्हर्टरवर घेतलं. वायर प्रत्येक खोक्यात खालूनच शिरवली. वरून शिरवली तर पाणी तिच्यावरून ओघळत आत जातं, धूळ-पाणी आत जात नाही अशी आयपी ६५ ही खूण लिहिलेली असली तरी. भोकं सीलंटने बुजवली, नाहीतर मुंग्या घर करतात.

एक खोड उरली होती: रस्त्यावरून रिक्षा गेली तरी बेड्याचा सेन्सर पेटायचा. भिंगाचा रस्त्याकडचा भाग काळ्या टेपने झाकला आणि ते थांबलं.

मे अखेरीस, पहिल्या सरींच्या आधी, गडग्यापलीकडच्या ऐनाच्या झाडावर काजवे लागतात. ट्यूबच्या काळात ते त्या बाजूला दिसेनासे झाले होते. यंदा मी आणि आई पडवीत अजिबात न हलता बसलो, म्हणजे सेन्सर जागा होणार नाही. तीन मिनिटांनी दिवे गेले, आणि थोड्या वेळाने ऐनावर लुकलुक सुरू झाली. फार नव्हते. पण होते. आईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता, मी हलू नये म्हणून.

ती तीन मिनिटं कशी ठरली तेही सांगते. सेन्सरच्या पोटाला बारीक नॉब असतात: किती अंधार पडला की जागं व्हायचं, आणि किती वेळ पेटून राहायचं. दादांनी वेळ तीस सेकंद ठेवला होता, आणि बाबा फणसाच्या वळणावर, जिथे दोन्ही सेन्सरना ते दिसत नाहीत, नेमके तिथे अंधारात अडकले. मग मी घड्याळ लावून त्यांच्यासोबत चालले. भाद्रपदात, तेव्हा फ्लडलाइटच्या वेळी, एकदा सहज मोजलं होतं तर बेड्यापासून पडवीपर्यंत त्यांना एक मिनिट दहा सेकंद लागले होते. या शिमग्याला, गुडघा धरल्यावर, दोन मिनिटांच्या जवळ. मी स्टूल घेतलं, आणि दोन्ही सेन्सरचे वेळेचे नॉब उजवीकडे फिरवले.