गावरान कोंबडीची तीन रवणं: फेब्रुवारी ते जूनची नोंद

जागा पुरंदर तालुक्यातलं पाच गुंठ्यांचं परडं. कळप नऊ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या चालतात. याहून जास्त झाल्या की फोल, म्हणजे गर्भ न धरलेली, अंडी वाढतात. इन्क्युबेटर नाही, सगळं खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीच्या भरवशावर. वनराज किंवा गिरीराज पाळणाऱ्यांना ही नोंद फारशी कामाची नाही, कारण त्या जाती अंडी भरपूर देतात पण खुडूक क्वचितच होतात. गावरान उलटी: दहा-पंधरा अंडी घालते आणि बसते.

१२ फेब्रुवारी. पहिलं रवण (एका कोंबडीखाली एका वेळी उबवायला ठेवलेली अंडी), ११ अंडी.

कोंबडी खरंच खुडूक झाली की नुसती खुराड्यात सावलीला बसली, हे आधी पक्कं करायचं. पिसं फुलवून ‘कुर्र कुर्र’ करते, हात नेला की चोच मारते, आणि उचलून पाहिलं तर पोटाखालची पिसं गळून उघडं, गरम कातडं हाताला लागतं. तरी दोन रात्री टेबल टेनिसच्या चेंडूंवर बसवायची. दुसऱ्या सकाळीही जागा सोडली नाही, तर तिसऱ्या रात्री अंधारात चेंडू काढून खरी अंडी सरकवायची. दिवसा बसवली की निम्म्या वेळा उठून जुन्या जागेवर पळते.

पाटी बांबूची, पंधरा इंच रुंद. तळाला दोन इंच बारीक वाळू आणि मध्ये हाताने दाबून बशीसारखा खोलगटपणा. वाळू नसेल तर गवत बाजूला सरकतं, अंडी कडेला लोळतात आणि कडेची गार पडतात. वाळूवर सुकं गवत, त्यात मूठभर निरगुडीचा पाला. पाटी जमिनीपासून दीड फूट उंच, कोपऱ्यात, पुढे गोणपाटाचा पडदा. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने घातल्याची तारीख लिहायची. याचे दोन फायदे. बाकीच्या कोंबड्या त्याच पाटीत येऊन अंडं घालून जातात, ते बिनतारखेचं म्हणून त्याच दिवशी ओळखू येतं आणि काढता येतं. दुसरा फायदा एप्रिलमध्ये कळला, तो पुढे येईल.

अंडी धुवायची नाहीत. कवचावर जो पातळ थर असतो तो गेला की जंतू आत शिरतात. फारच शेण लागलेलं अंडं बसवायलाच घेऊ नये.

१९ फेब्रुवारी, सातवी रात्र. उजेडात तपासणी. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक, मागे मोबाइलचा टॉर्च, भोकावर अंड्याचं रुंद टोक. जिवंत अंड्यात लाल कोळी दिसतो: मध्ये ठिपका आणि चहूकडे शिरा. काहीच नाही, नुसता पिवळट उजेड, म्हणजे फोल. शिरा नाहीत पण आत एक लाल कडी फिरलेली दिसते, म्हणजे गर्भ धरला आणि पहिल्या काही दिवसांत मेला. या वेळी एक फोल, दहा चांगली.

५ मार्च. नऊ पिल्लं, एक कवचात मेलं. अठराव्या दिवसानंतर पाटीला हात लावायचा नाही. कवचाला पहिली चीर पडल्यावर बारा ते चोवीस तासही जाऊ शकतात. या वेळात कवच सोलून ‘मदत’ करणं ही सगळ्यात महागडी दया. पोटात ओढला न गेलेला बलक आणि रक्ताच्या शिरा फाटतात.

२ एप्रिल. दुसरं रवण, १२ अंडी. ९ एप्रिलला तपासणी: दोन फोल, पाचांत लाल कडी, उरली पाच. २३ एप्रिलला चार पिल्लं.

बारातून चार. गावात याचं उत्तर तयार असतं: वीज कडाडली, नाहीतर अंडी विषम संख्येत नव्हती. आठवडाभर आकाश कोरडं ठणठणीत होतं, आणि फेब्रुवारीच्या अकरात विषमपणाशिवाय दुसराही फरक होता, ऊन. कोंबडीचा दोष म्हणावा तर तीही नीट बसली होती. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठणं, एकदम मोठी, दुर्गंधी विष्ठा टाकणं, ज्वारी-मका खाऊन, पाणी पिऊन परत. खुडूक कोंबडीचं वेळापत्रक असंच असतं.

मग तारखा पाहिल्या. लाल कडी असलेल्या पाचपैकी चार अंडी सगळ्यात जुनी निघाली, बसवण्याआधी सहा ते नऊ दिवस ठेवलेली. ती होती पत्र्याखालच्या फळीवर आणि तिथे दुपारी ३६ अंश. इथे गोम आहे. साधारण २०-२१ अंशांखाली गर्भ झोपलेला राहतो. त्याच्या वर तो हळूहळू वाढू लागतो, पण वाढ नीट व्हायला लागतात ३७-३८ अंश आणि तेही सलग. फळीवर दुपारी वाढ सुरू, रात्री थांब, दुसऱ्या दुपारी परत सुरू. असं आठवडाभर झालं की कोंबडीखाली जाण्याआधीच गर्भ थकलेला असतो आणि पहिल्या काही दिवसांत मरतो. लाल कडी तीच. फेब्रुवारीत त्याच फळीवरची अंडी वाचली कारण हवा गार होती.

फ्रिज हा उपाय नाही. तिथे चार-पाच अंश असतात, त्यात गर्भ दुसऱ्या टोकाने मरतो.

२३ ते २७ एप्रिल. अंडी साठवायची नवी पद्धत. मोठ्या कुंडीत चार बोटं वाळू, वाळूवर लहान मडकं, मडक्याभोवती गळ्यापर्यंत वाळू. वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी, तोंडावर ओलं फडकं. आत तळाला सुकं गवत आणि अंडी निमुळतं टोक खाली करून. अंड्याला पाणी लागता कामा नये. थर्मामीटर आत टाकून पाहिलं: बाहेर ३६, मडक्यात २५ ते २६. हे आदर्श नाही, म्हणून चार दिवसांपेक्षा जुनं अंडं बसवायला घेतलं नाही, ते खायला. अंडी दिवसातून दोनदा, अकरा आणि चारला गोळा केली. दुपारभर खुराड्यात पडून राहिलेलं अंडं आधीच तापलेलं असतं, मग मडकं काय करणार.

कोकणातल्या मंडळींनी हे जसंच्या तसं करू नये. दमट हवेत वाळूचं पाणी उडतच नाही, मडकं गार होत नाही आणि अंड्यांना बुरशी तेवढी लागते. तिथे दोन-तीन दिवसांचीच अंडी बसवणं बरं.

खुराड्याच्या पत्र्यावर उसाच्या पाचटाचा अर्धा फूट थर टाकून वर दोरी आवळली. खाली दुपारी चार अंशांचा फरक पडला.

२८ एप्रिल. तिसरं रवण, दुसरी कोंबडी, १० अंडी. ५ मेला एक फोल, एक लाल कडी, आठ चांगली. १९ मेला सात पिल्लं.

मध्ये एक घोटाळा झाला. ११ मेच्या सकाळी ही कोंबडी पाटीच्या काठावर उभी, अंडी कोमट. तिला उलटी धरून शेपटीखालची पिसं विंचरली तर बारीक तांबड्या पिसवा पळताना दिसल्या. खुडूक कोंबडी धुळीत लोळायला फार वेळ जात नाही, त्यामुळे उवा-पिसवांचं फावतं, आणि चावा असह्य झाला की ती अंडी सोडते. उपाय: दुसऱ्या पाटीत नवं गवत, अंडी तिकडे, जुनं गवत जाळलं. चुलीची चाळलेली राख पंखाखाली, पोटाखाली, शेपटीत बोटांनी चोळली. इकडे सीताफळाच्या बियांची पूड वापरतात, ती उवांवर उत्तम चालते, पण डोळ्यात गेली तर डोळा जातो. कोंबडीच्या मानेवर किंवा पिल्लांच्या आसपास ती नकोच, आणि दळताना स्वतःच्या डोळ्यांनाही जपा. खुराड्याच्या फटींत दिवसा लपून रात्री चावणारे गोचीड वेगळे. त्यांना राख पुरत नाही, फटीच ब्लो लॅम्पने भाजाव्या लागतात आणि वर चुना.

एका टोपलीत तीन भाग कोरडी माती, एक भाग राख अशी कायमची लोळण पाटीपासून चार पावलांवर ठेवली. त्यानंतर ती रोज पाच मिनिटं तिथे लोळून परत बसते.

पिल्लांचं.

पहिल्या दिवशी घाई नको. पोटात ओढलेला बलक दीड-दोन दिवस पुरतो. आधी पाणी, लिटरला दोन चमचे गूळ घालून, फक्त पहिल्याच दिवशी. भांडं उथळ, त्यात गोट्या, नाहीतर पिल्लू बुडतं. मग वर्तमानपत्रावर कणी.

दुसऱ्या आठवड्यापासून घरचं खाद्य, दहा किलोचं प्रमाण असं: मका भरडा ५ किलो, सोयाबीन पेंड ३ किलो, राइस पॉलिश दीड किलो, कुटलेली सुकट ३०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम. प्रथिनं अंदाजे २१ टक्के येतात. पेंडीऐवजी कच्चं सोयाबीन दळून घालू नका. त्यातला घटक प्रथिनं पचू देत नाही आणि पिल्लं खाऊन खाऊन खुरटतात. शिंपल्यांचा चुरा अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना, पिल्लांना नाही. जादा कॅल्शियमने त्यांचं मूत्रपिंड बिघडतं. मका नाकाजवळ धरून पाहावा, कुबट वास आला की परत. पावसाळ्यात ओल धरलेल्या मक्यावरच्या बुरशीचं विष उकळूनही जात नाही.

वाळवीचं जुनं तंत्र आजही सोन्यासारखं आहे. मडक्यात सुकं शेण, फाटकं गोणपाट आणि काड्या भरायच्या, पाणी शिंपडायचं आणि बांधावर वाळवी दिसते तिथे संध्याकाळी पालथं घालायचं. सकाळी उचलून पिल्लांसमोर आपटायचं. पुढची दहा मिनिटं बघण्यासारखी असतात.

अझोलाबद्दल (पाण्यावर तरंगत वाढणारी छोटी वनस्पती) मात्र उत्साह आवरावा. कोरड्या अझोलात प्रथिनं २०-२५ टक्के असतात हे खरं, पण ताज्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. एक किलो ताज्या अझोलातून जेमतेम पंधरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. पेंड वाचते असं म्हणणाऱ्याने तागडी घेऊन बसावं. हिरवा चारा म्हणून ठीक. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरला तर कमी कष्टात जास्त मिळतं.

मानमोडीवर, म्हणजे राणीखेत रोगावर, लसच. लसूण, हळद, कोरफड काही म्हणजे काही तिला थांबवत नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून लस टाळणाऱ्यांचं खुराडं एका आठवड्यात रिकामं होतं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात परत, आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस पंखाखाली टोचून. अडचण बाटलीची: ती शंभर डोसांची, पातळ केल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. शेजारच्या चार-पाच घरांची पिल्लं एकाच सकाळी धरणं, एवढाच व्यवहारी मार्ग. लस बर्फाच्या थर्मासमध्ये आणायची, खिशातून नाही.

१४ जून. एप्रिलच्या पिल्लांपैकी दोन पिसं फुलवून, डोळे मिटून उभी, विष्ठेत रक्त. रक्ती हगवण. पाऊस सुरू झाला होता आणि पाण्याच्या भांड्याभोवती जमिनीवर अंथरलेलं तूस चिखल झालं होतं. या रोगाच्या जंतूंच्या अंड्यांना ओल आणि ऊब मिळाली की दोन दिवसांत ती लागण करायला तयार होतात. कोरड्या तुसात तीच निपचित पडतात. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ॲम्प्रोलियम पाण्यातून दिलं, एक वाचलं, एक गेलं. भांडं आता दोन विटांवर, खाली जाळीची चौकट, म्हणजे सांडलेलं पाणी तुसात जात नाही. ओलं तूस फावड्याने काढलं, त्यावर चुना टाकला नाही. चुन्याने अमोनिया एकदम सुटतो आणि बंद खुराड्यात पिल्लांचे डोळे चुरचुरतात.

काढलेलं तूस थेट वाफ्यात जात नाही. मार्चमध्ये वांग्याच्या एका ओळीला ताजं घातलं होतं, चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत. एक पाटी तुसाला दोन पाट्या सुका पाला, ढीग तीन फूट उंच, ओल इतकीच की मुठीत पिळला तर एखादा थेंब पडावा. तिसऱ्या दिवशी आत हात टिकत नाही इतका तापतो. दहा-दहा दिवसांनी उलथला की दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत. अमोनियाचा वास येत राहिला तर पाला कमी पडलाय.

२८ जून. पिल्लांच्या आवारावर बांबूचा मांडव, त्यावर मेमध्ये लावलेला दोडका चढला आहे. घारीला आत झेप घेता येत नाही आणि सावलीही मिळते. वेलाच्या बुडाशी मात्र जाळीचं कडं हवं. कोंबड्या गांडुळासाठी मुळं उकरतात. दोन रोपं अशीच गेली.

आजची मोजणी: मार्चची आठ (एक मुंगसाने नेलं, दाराखालच्या दोन इंची फटीतून), एप्रिलची तीन, मेची सात. मार्चमधल्या तलंगा (तरुण माद्या) पाच दिसतात. फट अर्ध्या इंची वेल्डमेश वाकवून बुजवली, आणि जाळी जमिनीत अर्धा फूट गाडली आहे.