पडवीत प्लगपॉइंट किती?

शुक्रवार

पडवीच्या गिलाव्यासाठी अक्षय्य तृतीयेला भिजवलेल्या चुन्याचं पिंप आज उघडलं. वरचं पाणी काढल्यावर खाली पांढराशुभ्र, चक्क्यासारखा घट्ट गोळा. भिजवला त्या दिवशी हाच चुना काय उसळला होता! पाण्यात कळीच्या चुन्याचे खडे पडले आणि खाली जाळ नसताना पिंप रटरटायला लागलं. मी वाकून बघायला गेले तर मिस्त्री ओरडले, "वहिनी, मागं व्हा, डोळ्यात उडाला तर डोळा जाईल." तेव्हा जरा राग आला होता. आज गार गोळ्यात नुसती दोन बोटं घातली, तर संध्याकाळी कातडी सोलवटलेली. हातमोजे उगाच नसतात.

नळाला पाणी नाही. टँकर मागवला. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

रविवार, रात्री

कोथरूड सोडून सासवडला आलो त्याला सात महिने झाले. अंतर जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर, मध्ये एक दिवे घाट. पण पाऊससुद्धा त्या घाटाला बिचकतो. काल कोथरूडला आईकडे गेले तर रस्ते तुंबलेले, आणि परत येताना मस्तानी तलाव मागे टाकून वर चढले तोवर वायपर कोरड्या काचेवर करकरत होते.

घर नवऱ्याच्या आजोबांचं. दगडी जोतं, वर चुन्यात बांधलेली वीट, माजघरावर कडीपाटाचं लाकडी छत, पुढे चार खणांची पडवी. अकरा वर्षं बंद होतं. पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या एका काकांनी उतरवलेलं कौल उलटं करून मला दाखवलं: "बघा, 1865! तुमचं घर दीडशे वर्षांपेक्षा जुनं." मी भारावून फोटो काढून सगळ्यांना पाठवले. नंतर कळलं की बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते हे साल. पुढे कित्येक वर्षं ते कौलांवर उमटतच राहिलं. सासरे म्हणतात, घर फार तर नव्वद वर्षांचं. काकांना मी अजून सांगितलेलं नाही. ते येणाऱ्याजाणाऱ्याला 1865 सांगतात आणि मी मान डोलावते.

खरी गोष्ट ओलीची. राहायला यायच्या आधीच पुण्याच्या एका कंत्राटदाराकडून पडवीची भिंत सिमेंटने गुळगुळीत करून घेतली होती, वर महागडं वॉटरप्रूफ रसायन. पहिली ओल कमरेएवढी होती, सहा महिन्यांत खांद्याला आली. रंगाला फोड, फोडांत पांढरी पूड. मिस्त्रींनी बोटावर घेऊन चाखली आणि थुंकले. "लोणा." म्हणजे भिंतीतून फुटलेले क्षार. जमिनीतलं पाणी विटेतून वर चढतंच. चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर सुकून जातं. सिमेंटने त्याची वाट बुजवली, मग ते आणखी वर चढलं आणि सोबतच्या क्षारांनी वीट आतून भुसभुशीत केली. म्हणजे पैसे देऊन मी भिंतीला रेनकोट घातला होता, आणि घाम आतल्या आत.

सगळं खरवडलं. आता चुना, वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड. त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा. (पहिल्या दिवशी गुळाला मुंग्या लागल्या. मिस्त्री म्हणाले, त्यांचंबी पोट आहे.) हा गिलावा सिमेंटसारखा रात्रीत आवळत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू परत दगड होतो, म्हणून भिंतीवर ओलं बारदान टांगून रोज पाणी मारायचं. मला कामात घाई आवडते. ह्या भिंतीला माझ्या आवडीनिवडीशी काही देणंघेणं नाही.

आणि आज दुपारी शेजारच्या आक्का आल्या. त्यांच्या येण्याला वेळ नसतो, दाराला टकटक नसते. अंजिरं देऊन जातात आणि जाताना आपल्या डब्यांत काय आहे ते बघून जातात. आज बारदानाखालचा गिलावा बघितला आणि विचारलं, "सूनबाई, दिंडी येईस्तोवर पडवी मोकळी व्हईल ना?"

कुठली दिंडी?

तर माउलींची पालखी पुण्याहून घाट चढून सासवडला मुक्कामाला येते, तेव्हा परभणीकडची चाळीसेक माणसं आमच्या पडवीत उतरतात. आजोबांच्या काळापासून. मी म्हटलं, "पण घर तर अकरा वर्षं बंद होतं."

"कुलूप माजघराला हुतं. पडवीला कुठं हुतं?"

2020 आणि 2021 ला पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. तेवढी दोन वर्षं पडवी रिकामी राहिली. एरवी दर ज्येष्ठात आमच्या घरात पाहुणे होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. मला आधी रागच आला. कुणी एक फोन करू नये?

गंमत अशी की ह्याच पडवीला मी सरकत्या काचा लावणार आहे. माप घेऊन गेले, पंधरा हजार आगाऊ दिले. आत माझं टेबल, वातानुकूलन, मीटिंगा. आक्कांना सांगितलं तर त्या काही बोलल्या नाहीत. पोपडे निघालेल्या खांबावरून एकदा हात फिरवला आणि चहा न घेता गेल्या. चहा न घेता आक्का पहिल्यांदाच गेल्या.

मंगळवार

नवरा म्हणाला, "तुझं ऑफिस, तू ठरव." ह्या वाक्याचा मला जन्मात उपयोग झालेला नाही.

सकाळी काचवाल्याला फोन केला. आगाऊ रक्कम परत मिळणार नाही म्हणाला. दोन दिवस हिशेब केला होता, तरी पंधरा हजार चांगलेच झोंबले. टेबल माजघरात खिडकीपाशी लावलं. तिथे नेटवर्क येत नाही, मीटिंग लागली की चौकात जाऊन उभं राहावं लागेल. अजून पटलंय असंही नाही.

संध्याकाळी आक्कांकडे गेले आणि म्हटलं, या म्हणावं त्यांना. मी लगेच अडचणी मोजायला घेतल्या: चाळीस माणसं, पाणी, संडास. आक्का म्हणाल्या, फिरती शौचालयं येतात, पाण्याचा टँकर दिंडीसोबत असतो, जेवण त्यांचं ते करतात, तू फक्त पडवी झाडून ठेव. मग जरा थांबून: "पडवीत प्लगपॉइंट किती हायत?"

"एक."

"एकानं काय हुतंय? चाळीस मोबाइल."

उद्या वायरमनला बोलवायचं. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, ताज्या गिलाव्यात झिरी पाडू देणार नाही, वायर खांबावरून पट्टीतून न्या. शिवाय तोवर भिंत कच्चीच असेल, चाळीस पाठी टेकल्या की गिलावा गेलाच समजा.

म्हणून आत्ता जुन्या फळीवर कोळशाने लिहीत बसले आहे: 'माउली, भिंत ओली आहे, टेकू नका.' 'टेकू' मोठं झालं आणि 'नका'ला जागा उरली नाही. फळी उलटी करून परत लिहिते.