गांगली तेलणीचा तराजू आणि काकड भैरव

इंदुरातून धारच्या रस्त्याला लागायचं म्हणजे मल्हारगंजातल्या बड्या गणपतीला हात जोडून पुढे जायचं. 1901 साली पूर्ण झालेली ही 25 फुटी मूर्ती विटा, चुना, गूळ, मेथी आणि सात मोक्षपुऱ्यांची माती कालवून घडवलेली आहे. तिला शेंदुराचा चोळा वर्षातून चारदाच चढतो. एवढं रूप रोज नजरेसमोर असतं म्हणूनही असेल, पण माळव्यातल्या माणसाला देव काय नि राक्षस काय, मापाने मोठाच लागतो. या वेळी आम्ही त्याच मोठ्या मापांच्या मागावर निघालो होतो. गाडीत मामा, मामी आणि माझा भाचा.

मामांचं बालपण धारमधलं, त्यामुळे गाडी थेट लाट मशिदीपाशी थांबली. बाहेरच्या चौथऱ्यावर लोखंडी खांबाचे तीन तुकडे आडवे ठेवले आहेत.

"कोठे राजा भोज आणि कोठे गंगू तेली, म्हणतात ना? तो गंगू नव्हेच," मामा भाच्याला सांगू लागले. "ती गांगली तेलण. ताडमाड राक्षसीण! हा खांब म्हणजे तिच्या तराजूची दांडी. आणि ते दगड बघ, ती तिची वजनं."

"मग पारडी कुठे गेली?"

"तेल त्यांच्यातच होतं ना रे, ती घेऊन गेली ती."

हे तुकडे एकापुढे एक मांडले तर लांबी 13 मीटरच्या वर जाते, वजन 7 टनांच्या पुढे. दिल्लीत मेहरौलीचा जो लोहस्तंभ आपण माना वर करून बघतो, तो 7 मीटरहून थोडाच जास्त आहे. धारचा खांब जवळजवळ त्याच्या दुप्पट, आणि तोही साच्यात ओतलेला नाही. लोखंडाचे तापवलेले गोळे घणाने एकमेकांत ठोकून, जोडत जोडत तो वाढवला आहे. दिलावर खान घोरीने 1405 मध्ये ही मशीद बांधली. पुढे अकबर दख्खनकडे जाताना इथे थांबला, त्याचा 1598 चा फारसी लेख याच खांबावर आहे. पण ज्यांनी घण मारले त्या लोहारांचं नाव कुठेच नाही. त्यांच्या कामाची खरी दाद मला गांगलीच्या गोष्टीत दिसते. हे माणसाच्या हातचं नव्हे असं वाटायला लावणारं काम, म्हणून लोकांनी राक्षसीण उभी केली. शिवाय राजा भोजाच्या नगरीतली सगळ्यात अवजड वस्तू त्यांनी राजाला दिली नाही, बाजारात बसून तेल जोखणाऱ्या बाईला दिली. मला ही गोष्ट फार आवडते.

पुढे अमझेरा लागतं. तिथल्या अमका-झमका देवीच्या देवळातून कृष्णाने रुक्मिणीला नेलं, अशी तिकडची श्रद्धा. मामींचं माहेर अमरावतीचं. रुक्मिणीहरणासाठी विदर्भातल्या कौंडण्यपुराखेरीज दुसरं काही त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

बाग नावाच्या गावाजवळच्या पाडल्यासाठीच मी खरी निघाले होते. इथल्या शेतकऱ्यांना नांगरताना, खणताना तळहाताएवढे गोल दगड सापडत. काकड म्हणजे शेताची शीव. हा तिचा राखणदार, काकड भैरव. पिकावर, गुरांवर संकट येऊ नये म्हणून घराघरांतून त्याला नारळ फुटत. डिसेंबर 2023 मध्ये बातमी आली की हे गोळे म्हणजे टायटनोसोर डायनासोरची अंडी आहेत. याच पट्ट्यातल्या 92 घरट्यांचा आणि 256 अंड्यांचा शोधनिबंध त्याच वर्षाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लांब मानेचे, झाडपाला खाणारे हे अजस्र प्राणी इथे तळ्याकाठच्या मऊ जमिनीत खड्डे करून अंडी घालत. घरटी इतकी जवळजवळ आहेत की मधून वावरायला मोठ्या प्राण्याला जागाच नसावी. म्हणजे अंडी पुरून आया निघून जात असणार.

बातमी आली तेव्हा "अडाणी लोक अंडी पुजत होते" असं म्हणून हसणारे पुष्कळ होते. मला त्याचा तेव्हाही राग आला होता, आजही येतो. आमच्या देवघरात आजेसासूबाईंच्या वेळचा शाळिग्राम आहे. रोज त्याला स्नान, तुळस, गंध. तो तरी काय आहे? अमोनाइट नावाच्या समुद्रजीवाचा जीवाश्म. एके काळी समुद्र या बागच्या भूमीपर्यंत आला होता आणि इथल्या चुनखडकातही अमोनाइट सापडतात. मग आमचा दगड शाळिग्राम आणि त्यांचा तो अडाणीपणा, हे कसं? उलट भैरव मानला म्हणून तर हे गोळे शेताच्या शिवेवर जपले गेले. नुसते दगड समजले असते तर कुणाच्या पायाभरणीत गेले असते.

गावातल्या एका आजोबांना मी विचारलं, आता नारळ फोडता का? ते म्हणाले, शास्त्रज्ञ आले, सांगून गेले, चांगलं झालं. पण शीव राखायला कुणीतरी हवाच की. मामांनी मान डोलावली. आपल्याकडेही गावाच्या वेशीवर म्हसोबा शेंदूर लावून बसलेला असतोच.

परतताना नालछ्यावरून मांडवला, म्हणजे मांडूला वळलो. वाटेत मामांनी तेलण टेकडी दाखवली. गांगलीने अंगावरची धूळ झटकली, तिचीच म्हणे ही टेकडी झाली. मांडवमध्ये काकडा खोह नावाच्या दरीकडे आता डायनासोरचे पुतळे उभे केले आहेत. भाच्याने प्रत्येकाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. पुतळे मुलांना खेचतात, म्हणून मला ते हवेच आहेत. पण त्यांच्या बरोबरीने काकड भैरवाची गोष्टही फलकावर लिहायला हवी, त्याला पुजणाऱ्यांच्या शब्दांत.

जाणार असाल तर दिवाळीनंतर जा, बागच्या लेण्याही बघून होतील. पाडल्यात गावातल्याच कुणाला तरी सोबत घ्या. आणि वाटेत गोल दगड दिसला तर तो उचलू नका. इथले जीवाश्म असेच खिशाखिशातून गेले आहेत.