फुकट राहता, मग त्या घरच्यांना काय मिळतं?

कोकणातून फिरून आले की हा प्रश्न ठरलेला. मी लॉजवर उतरत नाही, अनोळखी घरात पैसे न देता राहते हे कळलं की लोक आधी खर्च विचारतात, मग जरा घुटमळत हे विचारतात. प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

सर्वास ही संस्था १९४९ पासून प्रवाशांना सभासदांच्या घरी उतरवते. महायुद्धानंतर देशोदेशीच्या माणसांनी एकमेकांना ओळखावं, हा तिचा हेतू. असंच घर जुळवून देणारं काउचसर्फिंग हे संकेतस्थळ २००४ मध्ये आलं. सायकलवाल्यांचं वॉर्मशॉवर्स वेगळं. सगळीकडे नियम एकच, यजमान भाडं घेत नाही. कोकणाला यात नवल नाही. मुंबईच्या गिरणगावात, गावच्या लोकांनी मिळून ठेवलेल्या गावकीच्या खोल्यांमध्ये, कोकणातून नवा आलेला पोरगा पथारी टाकायचा आणि नोकरी लागेपर्यंत त्याला कोणी परका म्हणायचं नाही.

मी मे महिन्याच्या शेवटी मालवणजवळच्या एका गावात पोचले. एका मैत्रिणीच्या ओळखीने तिथलं घर मिळालं होतं. कोकणात खेड्यातलं घर मला बहुतेक वेळा असंच मिळतं, ॲपवरून क्वचित. कुडाळला उतरून एसटी पकडायची होती, ती चुकली. मी कळवलं नाही, कारण पोचतेच आहे असं वाटलं. वस्तीच्या गाडीने रात्री उतरले तर काकी ओटीवर जाग्या, पेज झाकून ठेवलेली आणि काका टॉर्च घेऊन फाट्यावर उभे. त्या रात्रीची लाज अजून जात नाही. पैसे देऊन राहिलो तर उशीर हा आपला प्रश्न असतो, इथे आख्खं घर जागं राहतं.

सकाळी बघितलं तर अंगणभर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं. आगोटीचे दिवस, मिरग तोंडावर आलेला, आणि घरात माणसं दोनच. मी खाली बसले आणि काकींनी दाखवलं तसं करत गेले. रातांबा आडवा कापायचा, बियांचा गर बोटाने काढून मीठ घातलेल्या भांड्यात टाकायचा, साल उन्हात पसरायची. वाळलेली साल त्याच खारट रसात बुडवायची, पुन्हा उन्हात. असं पाच-सहा वेळा केलं की ती काळपट, मऊ होते. ती सोलं, आपली आमसुलं. उरलेला रस म्हणजे आगळ. "चेडवा, हात लाल होतले हां," काकी म्हणाल्या. झालेच. नखांत तो रंग घरी परतल्यावरही आठवडाभर होता. तीन दिवसांत मी समुद्रावर एकदाच गेले आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. काकींची लग्नाआधीची गोष्ट, मुलगा शिकायला बाहेर गेल्यापासूनची घराची शांतता, हे सगळं त्या अंगणात ऐकलं. ऐकणारं माणूस मिळणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते, विशेषतः जिथे तरुण मुंबई-पुण्याला निघून गेलेत त्या घरांत.

पण एक गोष्ट मी ठामपणे पाळते. ज्या घराचं पोट पाहुण्यांवर चालतं, तिथे फुकट मागायचं नाही. वेळासला कासवं बघायला गेले तेव्हा पूर्ण पैसे देऊन राहिले. तिथल्या लोकांनी घरं पर्यटकांना उघडली, त्यामुळे अंडी राखणाऱ्या गावाला चार पैसे मिळतात. तिथे 'ओळखीत बसवा ना' म्हणणं मला चोरीसारखं वाटतं. देवबाग-तारकर्लीच्या घरगुती निवासांनाही हेच लागू.

एकट्या बाईने कसं जावं, हेही विचारतात. घरात बाईमाणूस आहे याची खात्री करते, आधी फोनवर बोलते, आणि गावाचं नाव व यजमानाचा नंबर भावाकडे ठेवते. मन कचरलं तर जात नाही, कारण देत बसत नाही. तुमच्याकडे कोणी परदेशी उतरणार असेल तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन द्यावी लागते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

आता तुमचा प्रश्न. त्या घरच्यांना काय मिळालं? गेल्या नोव्हेंबरात काकींचा मुलगा परीक्षेसाठी ठाण्याला आला आणि चार दिवस माझ्या दीड खोलीत राहिला. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली आगळाची बाटली काढून त्याने आधी ओट्यावर ठेवली. शेवटच्या दिवशी मी कामावरून परतले तेव्हा तो निघून गेला होता. चादर घडी करून ठेवलेली होती आणि रात्रीची भांडी घासून पालथी घातलेली.