सोप्यावरच्या आरामखुर्चीला नवं कापड

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या घरांत सोप्यावरचं, म्हणजे ओसरीवरचं, सामान ठरलेलं असायचं. लांब हातांची सागवानी आरामखुर्ची, वेताच्या बैठकीच्या दोन खुर्च्या, कडीपाटाला टांगलेला झोपाळा आणि कोपऱ्यात घडी घातलेली वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी. घर पाडून स्लॅब टाकायची वेळ आली की हे सगळं आधी माळ्यावर आणि मग भंगारात जातं. लाकूड बहुधा ठणठणीत असतं, कापड नाहीतर वेत तेवढा गेलेला असतो. तो पुन्हा बदलता यावा म्हणूनच तर सुतारानं खुर्ची तशी बांधलेली असते. त्यावर फोम आणि रेक्झीन ठोकून घेणं मला बघवत नाही. दर खिळ्यागणिक चौकट चिरते आणि पुढच्या वेळी दुरुस्तीला जागाच उरत नाही.

आरामखुर्चीच्या कापडाला एकही खिळा लागत नाही. वरच्या आणि पुढच्या आडव्या पट्टीत लांब फट असते. कापडाच्या टोकाला शिवलेली नळी फटीतून पलीकडे काढायची आणि तिच्यात दांडकं सरकवायचं, की कापड अडकून राहतं. जुनं कापड मापाला घेऊ नका, ते ताणून वाढलेलं असतं. त्याऐवजी दोन्ही दांडक्यांच्या मागून सुतळी घेऊन हवा तेवढा झोळ द्या आणि तिची लांबी मोजा. त्यातून दीड इंच वजा करा, कारण सुती कापड पहिल्या काही आठवड्यांत तेवढं सैल पडतंच. मग नळीसाठी दोन्ही टोकांना तीन-तीन इंच वाढवा. दांडकं इंचभर जाडीचं असेल तर त्यातले दोन इंच नळीत जातात आणि एक इंच आत दुमडायला लागतो.

कापड जाड कॅनव्हास घ्यावं. पट्ट्यापट्ट्यांचा गादीपाट, म्हणजे गादीच्या खोळीचं कापड, दिसतो अगदी जुन्यासारखा, पण एकेरी टिकत नाही, दुहेरीच लागतो. बेतण्याआधी एकदा भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि दांडकं पुन्हा बसत नाही. उभा ताणा खुर्चीच्या लांबीत यायला हवा. आडवं बेतलेलं कापड लवकर पोटाळतं, बसणारा खाली जातो आणि पुढची पट्टी मांडीखाली रुतायला लागते. जुन्या आरामखुर्च्या टोचतात अशी तक्रार असते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच. नळीला पॉलिस्टर दोऱ्याच्या तीन शिवणी माराव्यात. शिवण्याआधी कापडाच्या चार घड्या फटीतून जातात का ते बघा. नळी शिवून झाल्यावर फट अरुंद निघाली तर सगळं उसवावं लागतं. फटीच्या धारदार कडांवर पॉलिशपेपरनं हात फिरवा, कापड पहिल्यांदा तिथंच कातरतं.

वेताचं काम याहून सावकाशीचं. आधी बैठकीच्या चौकटीतली भोकं मोजा. दोन भोकांत अर्धा इंच अंतर असेल तर वेताची पट्टी सव्वादोन मिलिमीटर रुंद घ्यावी आणि पाऊण इंच असेल तर तीन मिलिमीटर. पट्टी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवावी, तासन् तास ठेवली तर ती काळवंडते आणि तिचे तंतू सुटतात. चकाकती बाजू वर ठेवून आधी उभ्या पट्ट्या, त्यांच्यावर आडव्या, मग पुन्हा उभ्या, पण पहिल्या उभ्यांना खेटून. चौथ्या फेरीच्या आडव्या पट्ट्या मात्र एकीच्या खालून, एकीच्या वरून विणत न्यायच्या. त्यानंतर दोन्ही तिरप्या फेऱ्या, आणि शेवटी भोकं झाकणारी काठाची पट्टी. सुरुवातीलाच तारेसारखं ताणायचं नाही. तिरप्या पट्ट्या पडल्या की वीण आपोआप आवळते आणि आधीच ताणलेली असेल तर भोकापाशी तुटते.

वीण शाबूत असून नुसती सैल झाली असेल तर नवी विणू नका. खुर्ची उलटी करून खालच्या बाजूला गरम पाण्यात पिळलेलं फडकं अर्धा तास ठेवा आणि रात्रभर सावलीत वाळू द्या. वेत आटून घट्ट होतो. म्हणूनच खालून व्हार्निश लावायचं नसतं, वेत पाणी त्याच बाजूनं पितो. आणि वेताच्या बैठकीवर गुडघा टेकून किंवा उभं राहून माळ्यावरचं काही काढू नये.

पॉलिशला हात लावण्याआधी न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश आहे, ते खरवडायची गरज नसते. लिटरभर स्पिरिटला दीड-दोनशे ग्रॅम चपडा लाख विरघळवून कापसाच्या पुरचुंडीनं पातळ हात द्यावेत. दिवाळीनंतरच करा. पावसात हवेतला ओलावा त्यात अडकतो आणि पॉलिश पांढरं पडतं. धो धो पावसाच्या कणकुंबी-जांबोटीकडच्या घरांत तर जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये.

उशीला गुळेदगुड्डचा खण शोभतो, पण त्याच्या उलट बाजूला नक्षीचे धागे सुटे असतात, ते अडकून ओढले जातात. आतून मांजरपाटाचं अस्तर हवंच. लाल रंग जातो, म्हणून पहिले दोन-तीन वेळा खण वेगळाच धुवावा.

वाकळीचा हिशेब फार सुंदर आहे. नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट. चार घड्या घातल्या की पावणेसात फुटांचे चार थर होतात, आणि रुंदी सुमारे चार फूट, म्हणजे एका लुगड्यात एका माणसाची वाकळ. इलकल असेल तर पदर आधी वेगळा करा. तो रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो आणि अंगाला धाग्यात धागा अडकवून जोडलेला असतो. सुती अंगाबरोबर तो सारखा आटत नाही. नायलॉनची साडी एखाद्या थरातही घालू नका, धुतल्यावर फुगे येतात. आधी सगळे थर लांब टाक्यांनी टाचून घ्या, मग काठापासून बोटभर अंतरानं धावदोरा घालत फिरत फिरत मध्याकडे या. टाचलं नाही तर सगळा झोळ मध्ये गोळा होऊन फुगतो. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकन) समाजाच्या बायका कौदी, म्हणजे त्यांची वाकळ, अशीच कडेकडून आत शिवतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात.

धुवायची ती उन्हाळ्याच्या तोंडाला. भिजलेली वाकळ एकाच दोरीवर टाकली तर पाण्याच्या भारानं मधले टाके तुटतात, म्हणून दोन दोऱ्यांवर पसरावी आणि दुपारी उलटावी.